तासाचा दर वाढला, पण तास कुणाचे कमी झाले? सिएटलच्या किमान वेतनवाढीचा प्रकरण अभ्यास

किमान वेतन वाढवायचं म्हटलं की वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, कामगाराच्या हातात चार पैसे जास्त येतील. दुसरी म्हणते, नोकऱ्या जातील. दोन्ही बाजू डोकी मोजतात: किती जण कामावर राहिले, किती घरी बसले. पण ज्याला तासावर पगार मिळतो, त्याच्या बाबतीत तिसरीच गोष्ट घडू शकते. नोकरी टिकते, दरही वाढतो, आणि आठवड्याच्या वेळापत्रकातून एक पाळी गुपचूप गळते. त्याला कुणी कामावरून काढलेलं नसतं, त्यामुळे त्याची नोंद कुठल्याच आकडेवारीत सहसा होत नाही.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात ही नोंद झाली. म्हणून किमान वेतनाच्या शेकडो अभ्यासांमध्ये मला हे एक प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इथे भांडण झालं ते नोकऱ्या किती गेल्या यावर नाही, तर तास किती गेले आणि कुणाचे गेले यावर.

शहराने काय ठरवलं

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फास्ट फूड कामगारांनी संप केला. तासाला १५ डॉलर आणि युनियन करण्याचा हक्क, एवढीच मागणी होती. मे २०१३ मध्ये हे लोण सिएटलला पोचलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या छोट्या शहरात १५ डॉलरचा प्रस्ताव मतदानाला आला आणि अवघ्या ७७ मतांनी मंजूर झाला. सिएटलमध्ये त्याच निवडणुकीत क्षमा सावंत नगर परिषदेवर निवडून आल्या. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या सावंत तिथे अर्थशास्त्र शिकवत होत्या. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवत त्यांनी १५ डॉलर हाच प्रचाराचा मुख्य मुद्दा केला होता. महापौरपदी निवडून आलेले एड मरे यांनीही १५ डॉलरला पाठिंबा दिला होता. त्यांनी मालक आणि युनियन यांना एका समितीत बसवलं, आणि २ जून २०१४ रोजी नगर परिषदेने ठराव एकमताने मंजूर केला.

वाढ एका झटक्यात झाली नाही. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथलं किमान वेतन ही वाढ लागू झाली तेव्हा तासाला ९.४७ डॉलर होतं. ५०० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या मोठ्या मालकांना १ एप्रिल २०१५ पासून ११ डॉलर, जानेवारी २०१६ पासून १३ आणि जानेवारी २०१७ पासून १५ डॉलर द्यायचे होते. आरोग्य विमा देणाऱ्यांना थोडी सवलत होती. छोट्या मालकांना मुदत जास्त मिळाली, आणि गिऱ्हाइकांनी दिलेली टिप किंवा विम्याचा हप्ता हिशेबात धरण्याची काही वर्षांची मुभाही. फ्रँचायझी घेऊन एकच दुकान चालवणाऱ्यालाही साखळीचा भाग म्हणून ‘मोठा’ मालक धरलं गेलं. त्यावर फ्रँचायझीवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि हरली.

९.४७ वरून १३ म्हणजे नऊ महिन्यांत कायदेशीर किमान दरात ३७ टक्के वाढ. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं किमान वेतन तेव्हा ७.२५ होतं (आजही तेच आहे). हे लक्षात घेतलं की सिएटलने किती मोठी उडी घेतली ते कळतं.

एका आठवड्याचा हिशेब

आकडेवारीकडे वळण्याआधी एकाच माणसाचा हिशेब मांडून पाहू. उदाहरण समजावण्यापुरतं आहे, पण दर खरे आहेत.

सँडविचच्या दुकानात काउंटरवर आठवड्याला ३० तास काम करणारी एक बाई धरू. ९.४७ च्या दराने तिला आठवड्याला २८४ डॉलर मिळायचे. दर १३ झाला आणि तास तेवढेच राहिले, तर ३९० मिळतील, म्हणजे १०६ डॉलर जास्त. आता मॅनेजरने तिची मंगळवारची सहा तासांची पाळी काढली. २४ तासांचे ३१२ झाले. जुन्या पगारापेक्षा अजूनही २८ डॉलर जास्तच. तास २२ वर आले तर २८६, म्हणजे जिथे होती तिथेच. त्याखाली गेले की नुकसान.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही एकदम खऱ्या आहेत. पहिली: तास कमी झाले म्हणजे कामगार बुडाला, असं नाही. सहा तास कमी राबून २८ डॉलर जास्त मिळत असतील तर अनेकींना ते हवंच असेल. लहान मूल घरी असेल तर नक्कीच. दुसरी: कायद्याच्या घोषणेत तिला १०६ डॉलर दिसले होते, हातात २८ आले. उरलेले ७८ डॉलर तिच्या वेळेत बदलले गेले, आणि तो वेळ तिने मागितला नव्हता. सिएटलचं घरभाडं त्या वर्षांत झपाट्याने चढत होतं. घरमालकाला मोकळा मंगळवार देऊन चालत नाही.

मॅनेजर माणूस काढण्याऐवजी तास का कापतो? कारण ते सोपं असतं. अमेरिकेत कामावरून काढलं की बेरोजगारी भत्त्यासाठी मालकाला भरावा लागणारा कर वाढू शकतो, नवा माणूस शिकवण्यात वेळ जातो आणि उरलेल्यांचं मन उडतं. तास कापायला यातलं काहीच लागत नाही. दुकान सकाळी अर्धा तास उशिरा उघडायचं, दुपारच्या मंद वेळेत काउंटरवर दोघांऐवजी एकीला ठेवायचं, रात्रीची साफसफाई बंद व्हायच्या आधीच उरकून घ्यायची. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंनी पोळ्यांचे पैसे वाढवून मागितले की ‘बरं, मग लादी आम्हीच पुसू’ असं म्हणणारी घरं काही थोडी नाहीत. ताईंचं काम सुटत नाही, पोळ्यांचा दरही वाढतो, महिन्याची एकूण रक्कम मात्र जागच्या जागी राहते.

तास मोजणारं राज्य

आता या प्रकरणाचं वेगळेपण. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मालक दर तिमाहीला सरकारला एवढंच कळवतो की अमुक माणसाला एकूण इतका पगार दिला. तो किती तासांचा, हे कळवायचं नसतं. त्यामुळे ३००० डॉलर मिळवणारा माणूस कमी दराने जास्त तास राबला की जास्त दराने कमी तास, ते कागदावरून कळत नाही. वॉशिंग्टन हे मोजक्या अपवादांपैकी एक. तिथे बेरोजगारी भत्ता मिळायला आधीच्या ठरावीक वर्षभरात ६८० तास काम केलेलं असावं लागतं. म्हणून मालकाला प्रत्येक कामगाराचे तासही कळवावे लागतात. भत्त्याच्या पात्रतेसाठी केलेली ही नोंद संशोधकांच्या हाती लागली.

किमान वेतनावरच्या गाजलेल्या अभ्यासांना ही सोय नव्हती. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी न्यू जर्सीत १९९२ साली दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यावर तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्ट फूड दुकानांची पाहणी केली. वेतनवाढीने नोकऱ्या जातातच, हा समज त्या कामाने हलवला, आणि ते योग्यच झालं. पण त्यात पूर्ण वेळ कामगार एक आणि अर्धवेळ कामगार अर्धा, अशी मोजणी होती. अर्धवेळ मुलीचे तास २५ वरून २० झाले तरी त्या मोजणीत ती अर्धीच राहते.

सिएटलच्या नगर परिषदेने आपल्या कायद्याचा परिणाम तपासायला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला काम दिलं. स्वतःच्या निर्णयाची अशी तपासणी मागवणं हे धाडस होतं, कारण निकाल शहराला आवडणारा निघाला नाही.

२०१७ चा जून महिना

जून २०१७ मध्ये त्या गटाचा निबंध आला. ११ डॉलरच्या पहिल्या टप्प्याचा परिणाम फारसा नव्हता. १३ डॉलरच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र तासाला १९ डॉलरपेक्षा कमी मिळणाऱ्या कामांमधले एकूण तास सुमारे ९ टक्क्यांनी घटले आणि त्या कामांचा सरासरी दर जेमतेम ३ टक्क्यांनी वाढला, असा त्यांचा निष्कर्ष होता. बेरीज-वजाबाकी करून कमी पगाराच्या कामगाराचं २०१६ मध्ये महिन्याला सरासरी १२५ डॉलरचं नुकसान झालं, असं त्यांनी लिहिलं. वेतनवाढीने कामगाराचाच खिसा रिकामा झाला, असा अर्थ जगभर पसरला. वेतनवाढीच्या विरोधकांना हवं ते मिळालं.

काही दिवस आधीच बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मायकेल राइश आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला होता. त्यांनी सिएटलचा खाद्यव्यवसाय पाहिला: पगार वाढले, नोकऱ्यांवर परिणाम दिसला नाही. एकाच शहराबद्दल एकाच महिन्यात दोन उलटे निकाल. लोकांनी आपापल्या मताला सोयीचा उचलला.

दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की विरोध वाटतो तेवढा उरत नाही. बर्कलीने हॉटेलांमधल्या नोकऱ्या मोजल्या, सगळ्या पगाराच्या. वॉशिंग्टनच्या गटानेही तशीच मोजणी करून पाहिली, तेव्हा त्यांनाही नोकऱ्यांवर परिणाम जवळजवळ शून्यच दिसला. फरक पडला तो तास मोजल्यावर, आणि फक्त कमी पगाराची कामं वेगळी काढल्यावर.

तरीही ९ टक्क्यांचा आकडा मला पहिल्यापासून जड वाटत आलेला आहे आणि त्याची कारणं भक्कम आहेत. दर ३ टक्क्यांनी वाढला आणि तास त्याच्या तिप्पट घटले, हे मालकांच्या नेहमीच्या वागण्यात बसत नाही. त्यात त्या काळातलं सिएटल म्हणजे उसळलेलं शहर. अ‍ॅमेझॉनचा विस्तार सुरू होता, रस्त्यारस्त्यावर क्रेन उभ्या होत्या, माणसं मिळत नव्हती. अशा शहरात १८ डॉलरवरचा स्वयंपाकी कायद्याशी संबंध नसताना २० डॉलरवर जातो. तो १९ ची रेषा ओलांडून गेला की त्याचे सगळे तास ‘कमी पगाराच्या कामातून’ गायब होतात. उलट, त्याची बढती झालेली असते. तुलनेसाठी त्यांनी राज्यातल्या दूरच्या भागांचं मिश्रण करून एक ‘कल्पित सिएटल’ तयार केलं होतं. पण अ‍ॅमेझॉनच्या शहराची जोडी त्याच राज्याच्या इतर भागांतून कितीही कसोशीने जुळवली तरी ती कितपत जुळणार? शिवाय अनेक शाखा असलेले मालक अभ्यासातून वगळावे लागले, कारण ते अख्ख्या राज्याचा हिशेब एकत्र देतात. म्हणजे ज्या मोठ्या साखळ्यांवर सगळ्यात आधी बोजा पडला, त्यातल्या बहुतेक बाहेरच राहिल्या.

या आक्षेपांना त्याच गटाने पुढे प्रामाणिकपणे सामोरं जाणं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

माणसं धरून पाहिल्यावर

ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचा दुसरा निबंध आला. आता त्यांनी शहरातल्या एकूण तासांऐवजी एकेक माणूस धरला. वाढ होण्याच्या आधीपासून कमी पगारावर काम करणारे सिएटलचे कामगार घेतले, राज्यात इतरत्र त्यांच्यासारखेच कामगार शोधले आणि पुढे दोघांचं काय होतं ते पाहिलं. शहराच्या तेजीमुळे रेषा ओलांडून जाणाऱ्या कामांचा घोळ यात बराच टळतो.

निकाल बदलला. तास कमी झालेच, पण दराच्या वाढीने ती तूट भरून काढली आणि वर आठवड्याला सरासरी ८ ते १२ डॉलर जास्त मिळाले. महिन्याला १२५ डॉलर तोटा ही गोष्ट इथे टिकली नाही. २०२२ मध्ये हे काम नियतकालिकात प्रसिद्ध झालं तेव्हा लेखकांनी स्वच्छ लिहिलं की एकूण तासांची पहिली पद्धत परिणाम बहुधा फुगवून दाखवते. कामावर टिकून राहण्याची शक्यता बदलली नाही. तासांमधली घट मात्र खरी होती आणि ती अनुभव कमी असलेल्यांच्या वाट्याला जास्त आली.

सरासरी १० डॉलर म्हणताना ते सगळ्यांना मिळाले असं वाटतं. तसं झालं नाही. ती सगळी वाढ अनुभवी अर्ध्या कामगारांकडे गेली. कमी अनुभवी अर्ध्यांच्या आठवड्याच्या पगारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही: दर वाढला, तास गेले, हिशेब जागेवर. अनुभवी लोकांच्या कमाईतलाही साधारण चौथा हिस्सा सिएटलमध्ये मिळालेला नव्हता. शहरात गमावलेले तास त्यांनी शहराच्या हद्दीबाहेर दुसरं काम धरून भरून काढले होते. कागदावर ती ‘कमाईतली वाढ’ दिसते. प्रत्यक्षात तो दुसरा मालक, दुसरा गणवेश आणि वाढलेला प्रवास आहे.

आणखी एक परिणाम. नोकऱ्या सोडण्या-बदलण्याचं प्रमाण ८ टक्क्यांनी कमी झालं. माणसं टिकू लागली, ही मालकाच्या आणि कामगाराच्या दोघांच्याही फायद्याची गोष्ट. पण त्याबरोबर कमी पगाराच्या कामात नव्याने शिरणाऱ्यांचं प्रमाणही घटलं. हे त्या आधी कामावर असलेल्यांच्या पगारपत्रकात दिसणारच नाही, कारण हे लोक अजून कुणाच्याच पगारपत्रकावर नाहीत. १३ डॉलर द्यायचेच आहेत तर काम येणाऱ्यालाच द्यावेत, असा विचार मालक करतो. पहिली नोकरी शोधणारा अठरा वर्षांचा पोरगा, नुकती आलेली स्थलांतरित बाई, तुरुंगातून सुटलेला माणूस यांना दाराबाहेर थोडं जास्त थांबावं लागतं.

माझं मत सांगतो. वाढ योग्य होती. ९.४७ डॉलरमध्ये सिएटलसारख्या शहरात कुणाचं भागत नव्हतं. पण कायद्याने तासाची किंमत ठरवली आणि तास किती द्यायचे हे मॅनेजरच्या हातात तसंच ठेवलं. मग ज्याचा शब्द दुकानात सगळ्यात हलका, त्याचेच तास आधी गेले. नवा माणूस पाळी मागायला कचरतो, अनुभवी माणूस हक्काने मागतो.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचं रूप वेगळं दिसतं. आपल्याकडे उद्योगांमध्ये अकुशल, अर्धकुशल, कुशल असे महिन्याचे दर परिमंडळानुसार ठरतात, वर्षातून दोनदा विशेष भत्ता बदलतो आणि रोजाचा दर काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. तासाचा हिशेब रोजच्या बोलण्यात येतच नाही. म्हणून इथे काटछाट व्हायची तर हजेरीच्या दिवसांत होते, किंवा उलट बाजूने होते: बारा तासांची ड्युटी आणि पगार मात्र आठ तासांच्या दराने, हे इमारतींच्या गेटवर बसणाऱ्या कितीतरी सुरक्षारक्षकांना विचारलं तर कळेल. नवा दर आला की फक्त दराचा आकडा बघायचा आणि हजेरीपत्रक बघायचंच नाही, ही सवय मात्र दोन्हीकडे सारखी आहे.

वेळापत्रकाचा कायदा

सिएटलच्या कामगारांना हे संशोधकांच्या आधी कळलं होतं. १५ डॉलरपाठोपाठ त्यांनी वेळापत्रकाची मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तोही कायदा मंजूर झाला. १ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वेतनवाढीइतकी चर्चा त्याची कधीच झाली नाही, याची मला खंत वाटते.

पाळ्यांचं वेळापत्रक १४ दिवस आधी लावावं लागतं. कामावर घेतानाच साधारण किती तास मिळतील याचा प्रामाणिक अंदाज लेखी द्यावा लागतो. वेळापत्रक लागल्यावर मालकाने पाळीतले तास कापले, तर न झालेल्या तासांचाही अर्धा पगार द्यावा लागतो. रात्री दुकान बंद करणाऱ्याला सकाळी उघडायला बोलावलं आणि मध्ये १० तासांची विश्रांती नसेल, तर त्या कमी पडलेल्या तासांना दीडपट दर. आणि सगळ्यात कामाचं कलम असं की जादा तास उपलब्ध झाले तर बाहेरून माणूस घेण्याआधी ते आधीच्या कामगारांना विचारायचे.

हे शेवटचं कलम थेट गळलेल्या मंगळवारच्या पाळीला हात घालतं. पाळी कापायला मनाई नाही. पण ती ऐन वेळी कापायला आता पैसे पडतात, आणि दुसरीकडे तास निघाले तर त्यांच्यावर पहिला हक्क तिचा आहे. क्रिस्टन हार्कनेट आणि डॅनियल श्नायडर या संशोधकांच्या गटाने या कायद्याचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याने पाळ्यांचा बेभरवशीपणा कमी झाला, कामगारांची झोप सुधारली आणि बिलं थकण्यासारखी ओढाताणही घटली.

यालाही मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. हा कायदा किरकोळ विक्री आणि खाद्यव्यवसायातल्या, जगभरात मिळून ५०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू होतो. बसून जेवायच्या हॉटेलांना तर ४० शाखाही असाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या एकट्या कॅफेत, घरगुती रेस्टॉरंटमध्ये, छोट्या नेल सलूनमध्ये काम करणारी बाई त्याच्या बाहेर आहे.

किमान वेतन दरम्यान महागाईशी बांधलं गेलं आणि चढत राहिलं. २०२४ मध्ये तो दर १९.९७ डॉलर होता. टिप किंवा विमा हिशेबात धरणारे छोटे मालक १७.२५ देऊ शकत होते. १ जानेवारी २०२५ ला ती सवलत संपली आणि लहान-मोठ्या सगळ्यांना २०.७६ डॉलर लागू झाले. म्हणजे त्या छोट्या मालकांना एका दिवसात साडेतीन डॉलरची वाढ द्यावी लागली, आणि त्यांच्याकडच्या कामगारांना वेळापत्रकाच्या कायद्याचं संरक्षण नाही. २०१६ मध्ये मोठ्या साखळ्या अभ्यासाबाहेर राहिल्या होत्या. हे मालक बहुतेक एकाच जागी दुकान चालवणारे असल्याने त्यांच्या कामगारांचे तास राज्याच्या नोंदीत पुरेपूर दिसणार आहेत. ते आता तपासले पाहिजेत, आणि सरासरी काढण्याआधी नवे आणि जुने कामगार वेगळे करून तपासले पाहिजेत.